हाय प्लेन्सवर घोड्यांसह मुक्काम: आधी घोड्याच्या रात्रीचं ठरवा, मग आपल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेन्व्हरजवळ राहणारं कुटुंब, दोन घोडे, गूजनेक ट्रेलर (ट्रकच्या हौद्यात अडकवायचा) आणि जूनमध्ये दहा-बारा दिवस. हाय प्लेन्स या अमेरिकेतल्या उंच गवताळ मैदानी पट्ट्यातलं पश्चिम नेब्रास्का आणि साउथ डकोटा बघायचं आहे, पुढे कधीतरी टेक्सासचा पॅनहँडल, म्हणजे त्या राज्याचा उत्तरेकडचा भागही. 'हॉर्सेस अलाउड' लिहिलेली ठिकाणं नेटवर ढीगभर सापडतात. त्यातली खरोखर घोड्यांसह राहण्याजोगी कुठली, आणि ती ओळखायची कशी?

'घोडे चालतात' आणि 'घोडे रात्री राहू शकतात' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की दिवसा ट्रेलवर घोडा नेता येईल, पण संध्याकाळी ट्रेलर बाहेर काढावा लागेल. नॉर्थ डकोटातलं थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यान हे याचं चांगलं उदाहरण. तिथे घोड्यावरून हिंडायला मुभा आहे, पण कॉटनवुड किंवा ज्युनिपर या नेहमीच्या कॅम्पग्राउंडमध्ये घोडे आणता येत नाहीत. घोड्यांसाठी 'राउंडअप' नावाचं वेगळं कॅम्पग्राउंड आहे, तिथे एका वेळी एकच गट राहतो आणि आधी आरक्षण लागतं. उद्यानाच्या पानावर घोडेस्वारांचे फोटो बघून थेट जाऊन पोचणाऱ्याची रात्र रस्त्यावर जाते.

त्यामुळे शोधताना 'अलाउड' हा शब्द सोडून द्या. 'हॉर्स कॅम्प', 'इक्वेस्ट्रियन साइट', 'कोरल' (घोड्यासाठीचं कुंपणाचं छोटं आवार), 'स्टॉल' (तबेल्यातलं ठाण) हे शब्द शोधा. केंद्र सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या आरक्षणाच्या संकेतस्थळावर साइटच्या प्रकारांत 'इक्वेस्ट्रियन' अशी निवड करता येते. राज्य उद्यानांची आरक्षण व्यवस्था प्रत्येक राज्याची वेगळी. ट्रेलमायस्टरसारख्या घोडेवाल्यांच्या याद्या सुरुवातीला उपयोगी पडतात, पण यादी म्हणजे फक्त नावं. तिच्यातलं पाणी, रस्ता आणि कोरलची माहिती किती जुनी आहे हे कळत नाही.

नाव सापडलं की उपग्रहाचा नकाशा उघडा आणि जवळ जा. खरं हॉर्स कॅम्प वरून ओळखू येतं. साइटच्या मागे पाइपच्या कुंपणाचे छोटे चौकोन दिसतात, आतली जमीन तुडवून उघडी आणि फिकट झालेली असते, आणि रस्त्याच्या टोकाला मोठा वळसा असतो, कारण चाळीस-पंचेचाळीस फुटांची गाडी तिथे वळते. वळसा नसेल आणि रस्ता नुसता संपत असेल, तर तिथे अंधारात दोन घोड्यांसह ट्रेलर मागे घ्यावा लागेल हे गृहीत धरा.

मग फोन. आरक्षणाच्या कॉल सेंटरला करू नका, त्यांच्यासमोर तुमच्यासारखीच स्क्रीन असते. उद्यानाच्या कार्यालयाला किंवा फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्राच्या वनखात्याच्या रेंजर डिस्ट्रिक्टला, म्हणजे स्थानिक कार्यालयाला करा, आणि शक्यतो सकाळी, म्हणजे जो माणूस प्रत्यक्ष तिथून फिरून येतो तो भेटतो. 'घोडे आणले तर चालतील का' हा प्रश्न विचारूच नका, उत्तर 'हो' येणार. असं विचारा: रात्री घोडा नेमका कुठे उभा राहील? कोरल किती आहेत, किती फुटांची, पाइपची की लाकडाची की तारेची? एका साइटच्या भाड्यात किती घोडे धरतात? पाणी नळाचं की हातपंपाचं, आणि ते आज चालू आहे का? नळाला नळी जोडता येते का? शेवटच्या पाच मैलांचा रस्ता कसा आहे, आणि अर्धा इंच पाऊस पडला तर काय होतं? लीद कुठे टाकायची? स्वतःची पॅनेल (एकमेकांना जोडून कोरल करायची सुटी कुंपणं) किंवा विजेचं कुंपण लावलेलं चालतं का? गाडीची लांबी सांगताना ट्रकच्या पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या मागच्या दारापर्यंतची सांगा. नुसती ट्रेलरची सांगितलीत तर मिळणारी साइट दहा-पंधरा फुटांनी अपुरी पडते.

'पाणी आज चालू आहे का' यात 'आज' महत्त्वाचं आहे. या पट्ट्यातल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं पाणी थंडीत बंद करतात, नळ फुटू नयेत म्हणून, आणि ते पुन्हा कधी सुरू होईल हे त्या वर्षाच्या हवामानावर ठरतं. पंप नादुरुस्त झाला तर संकेतस्थळावर ती नोंद यायला दिवस लागतात.

जागांचे प्रकार समजून घेतले की शोध सोपा होतो. राज्य उद्यानांत सोय सगळ्यात नीट असते, पण गर्दीही तिथेच. राष्ट्रीय वनांतल्या हॉर्स कॅम्पमध्ये कोरल असतात, वीज बहुधा नसते. राष्ट्रीय ग्रासलँड हा प्रकार मात्र खास मैदानी आहे. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली शेतं सरकारने विकत घेतली, १९५४ मध्ये ती फॉरेस्ट सर्व्हिसकडे आली आणि १९६० मध्ये त्यांना हे नाव मिळालं. शेतं तुकड्यातुकड्याने विकत घेतलेली असल्यामुळे नकाशावर सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. मोकळ्यावर मुक्काम करायला ग्रासलँडमध्ये बऱ्याच ठिकाणी मुभा असते, पण कुंपणापलीकडचा तुकडा एखाद्या रँचरचा असू शकतो. फॉरेस्ट सर्व्हिसचा वाहनमार्गांचा नकाशा फुकट मिळतो, तो फोनमध्ये उतरवून ठेवा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरं कुठल्या बाजूला हवीत हे रँचरने ठरवलेलं असतं.

चौथा प्रकार म्हणजे काउंटीची जत्रेची मैदानं, फेअरग्राउंड. ही सोय नवख्यांना सुचतच नाही आणि मैदानी भागात तीच सगळ्यात भरवशाची. जवळजवळ प्रत्येक काउंटीला असं मैदान असतं, तिथे तबेले असतात, पाणी असतं, मोठ्या गाड्या वळायला जागा असते, आणि जत्रा किंवा रोडिओ नसेल तेव्हा अनेक ठिकाणी रात्रीपुरतं ठाण भाड्याने देतात. तुमच्या वाटेवर मिचेलला स्कॉट्स ब्लफ काउंटीचं, चॅड्रनला डॉस काउंटीचं आणि रॅपिड सिटीला सेंट्रल स्टेट्स फेअरचं मैदान आहे. जुलै-ऑगस्ट हा जत्रांचा हंगाम असतो, जूनमध्ये रोडिओ चालू असतात, तेव्हा तारीख विचारून घ्या. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी तासाभराच्या अंतरावरच्या एका फेअरग्राउंडचा नंबर कागदावर लिहून ठेवा. या भागात फोनला रेंज नसणं नेहमीचं आहे.

आता तुमचा मार्ग. डेन्व्हरहून पहिल्या दिवशी फोर्ट रॉबिन्सन गाठावं. क्रॉफर्ड गावाजवळचं हे नेब्रास्काचं राज्य उद्यान, अंतर पावणेतीनशे मैलांच्या आसपास. १९१९ पासून इथे अमेरिकी लष्कराचा घोडे आणि खेचरं तयार करून पुरवण्याचा मोठा डेपो होता, त्यामुळे घोडे ठेवण्याची व्यवस्था इथे मुळातच आहे. पाहुण्यांच्या घोड्यांना तबेल्यात ठाण मिळतं. घोड्याला पहिल्याच रात्री मोकळ्या माळावर उभं करण्यापेक्षा चार भिंतींत ठेवलेलं बरं, म्हणून सुरुवात इथून. शेजारीच सोल्जर क्रीक हे राखीव रान आहे. १९८९ च्या वणव्यात इथली पाइनची झाडं मोठ्या प्रमाणावर जळाली, म्हणून दुपारी सावलीचा भरवसा धरू नका.

वाटेत शायेन, टॉरिंग्टन, मिचेल, आणि मग नेब्रास्काचा २९ क्रमांकाचा रस्ता हॅरिसनकडे. मिचेल सोडताना डिझेल भरून घ्या, पुढचे साठेक मैल पंप मिळेल असं धरू नका. दर तीन-चार तासांनी सावलीत थांबा, वीस मिनिटं इंजिन बंद ठेवा, पाणी दाखवा आणि घोड्याला मान खाली घालू द्या. ही मान खाली घालणं ऐच्छिक नाही. डोकं उंच बांधलेलं राहिलं की नाका-घशातली धूळ आणि जंतू बाहेर न पडता श्वासनलिकेत उतरतात, आणि लांब प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी येणारा ताप आणि न्यूमोनिया यातूनच होतो. म्हणून पोचल्यावर पुढचे तीन दिवस सकाळी ताप मोजा. ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस ठीक, त्याच्या वर गेला तर पशुवैद्याला फोन.

पुढे साउथ डकोटात दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या जागा आहेत. कस्टर स्टेट पार्कमधला फ्रेंच क्रीक हॉर्स कॅम्प हा खास घोडेवाल्यांसाठीच आहे. कोरल आहेत, पाणी आहे, आणि थेट कॅम्पमधून ट्रेल निघतात. काटेकोरपणे बोलायचं तर हा ब्लॅक हिल्स या डोंगरांचा भाग, मैदानाच्या कडेचा. कस्टरचं आरक्षण एक वर्ष आधी उघडतं, त्यामुळे जूनच्या शनिवार-रविवारसाठी आता जागा नसेल तर मधले वार बघा आणि रद्द होणाऱ्या साइटवर रोज लक्ष ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी बायसनचा कळप हाकण्याचा मोठा सोहळा असतो, तो आठवडा विसरा.

दुसरी जागा बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातलं सेज क्रीक. मुक्काम फुकट आहे, घोड्यांसाठी ठरवून दिलेला भाग आहे, सभोवती क्षितिजापर्यंत गवत. पण पाण्याचा थेंब नाही. ओढ्यातलं पाणी बारीक मातीने दुधासारखं गढूळ असतं, ते गाळूनही निवळत नाही. राहण्याच्या गाड्यांना इथे १८ फुटांची मर्यादा आहे, म्हणून तुमच्या ट्रेलरची एकूण लांबी सांगून रेंजरकडून आधी स्पष्ट होकार घ्या. रस्ता कच्चा आहे. इथल्या मातीत बेंटोनाइट आहे, स्थानिक लोक तिला गंबो म्हणतात. कोरडी असताना ती सिमेंटसारखी कडक, आणि थोडासा पाऊस झाला की चाकाभोवती अशी गुंडाळते की चाक फिरायचं थांबतं. घोड्याच्या खुराखाली तिचे पायापेक्षा रुंद गोळे होतात आणि तो घसरतो. हवामानाच्या अंदाजात वादळ दिसत असेल तर आदल्या दिवशी बाहेर पडा. पाऊस पडून गेला असेल तर हलू नका, ऊन आणि वारा लागून रस्ता वाळेपर्यंत थांबा. यासाठी एक दिवसाचं जास्तीचं पाणी हवंच.

सेज क्रीकमध्ये बायसन कॅम्पमधून चालत जातात. ज्या घोड्याने ते कधी पाहिले नाहीत तो वासानेच बिथरतो. शंभर यार्डांचं अंतर ठेवा, आणि बायसन जवळ येत असेल तर घोड्यावर बसून बघत राहण्यापेक्षा उतरून, लगाम हातात धरून बाजूला व्हा. घोडा एकदा उधळला की त्या प्रदेशात तो मैलोन्मैल पळतो, थांबवायला काही नसतं.

परतताना वेळ असेल तर नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत हॅल्सीजवळचं राष्ट्रीय वन आहे, तिथली नॅटिक आणि डिस्मल नदीकाठची व्हाइटटेल ही दोन्ही कॅम्पग्राउंड घोड्यांच्या कोरलसह आहेत. मूळ गवताळ प्रदेशात माणसांनी हाताने लावलेलं हे जंगल, लागवड १९०२ नंतरची. इथे धोका वाळूचा. जमिनीवर चारा टाकला की घोडा त्याच्याबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. रबरी घमेल्यात किंवा जाळीत चारा द्या आणि खाली जुनी चटई अंथरा. लीद बादलीभर पाण्यात कालवून तळाशी वाळू बसते का बघितलं की लगेच कळतं.

आता रात्री घोडा बांधण्याबद्दल, कारण मैदानात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डोंगरात दोन झाडांमध्ये उंचावर दोर ताणून घोडे बांधायची पद्धत आहे, हायलाइन. कोलोरॅडोत डोंगरात शिकलेले लोक तोच दोर घेऊन मैदानात येतात आणि तिथे झाडच नसतं. कोरल नसेल तर तुमच्यापुढे तीनच रस्ते उरतात. एक, स्वतःची पॅनेल. दोन, ट्रेलरच्या छताजवळ बसवलेला लवचीक दांडा, ज्याला वरून दोर लोंबतो. तीन, विजेचं कुंपण.

पॅनेल लावताना मोकळं वर्तुळ करू नका. एक बाजू ट्रेलरची धरा आणि दोन्ही टोकं ट्रेलरला साखळीने पक्की करा. मोकळं वर्तुळ घोड्याने छातीने ढकललं की सरकत जातं, आणि माळावरचा वारा ताडपत्री अडकवलेलं पॅनेल आडवं करतो. म्हणून पॅनेलवर ताडपत्री किंवा पांघरूण टाकू नका. विजेच्या कुंपणाला रुंद पट्टी न वापरता विणलेला दोर घ्या, पट्टी वाऱ्यात फडफडते आणि घोडा रात्रभर जागा राहतो. पायाने रोवायचे प्लास्टिकचे खांब कडक मातीत जात नाहीत, आधी लोखंडी सळईने भोक पाडावं लागतं. घरी निदान आठवडाभर हे कुंपण पाळायला शिकलेला नसेल तर त्या घोड्याला प्रवासात त्यात ठेवू नका. बायसनच्या भागात विजेचं कुंपण निरुपयोगी आहे.

दांड्याला किंवा दोराला बांधताना लांबी अशी ठेवा की घोड्याचं नाक जमिनीपर्यंत पोचेल, पण दोराची सैल कमान त्याच्या गुडघ्याखाली येणार नाही. म्होरकीच्या कडीला फिरता आकडा लावा, म्हणजे पीळ पडत नाही. आपल्याकडच्या पागेत अगाडी-पिछाडी लावायची पद्धत आहे. भारतात घोडेस्वारी केलेल्यांना ती सुचते. इथल्या घोड्यांना मागचे पाय बांधून घेण्याची सवय नसते, ते घाबरून स्वतःला जखमी करतात. ती इथे वापरू नका.

तयार कोरल मिळालं तरी घोडा आत सोडण्याआधी हातमोजा घालून आतल्या प्रत्येक आडव्या पाइपवरून हात फिरवत एक फेरी मारा. डोळ्याला न दिसणारी तुटलेल्या वेल्डची कड हाताला लागते. खाली वाकून गासडीच्या सुतळीचे तुकडे, खिळे, तारेचे तुकडे वेचा. फाटकाची कडी नाकाने उघडता येते का बघा, तशी असेल तर दुसरी साखळी आकड्यासह बांधा. तिथल्या सामाईक हौदातलं पाणी पाजू नका, चाऱ्याचं गव्हाण वापरू नका, आपली बादली आपल्याच घोड्याला. स्ट्रँगल्स आणि घोड्यांचा हर्पीस हे दोन्ही रोग बादली, नळीचं तोंड आणि नाकाला नाक लागण्यातून पसरतात. बादली भरताना नळीचं टोक पाण्यात बुडवू नका.

पाण्याचा हिशोब कागदावर करा. पाचशे किलोचा घोडा साध्या दिवशी वीस ते चाळीस लिटर पितो, उन्हात काम केलं तर पन्नासच्या वर. दोन घोडे, दोन दिवस, थोडं राखीव धरून दोनशे लिटर, म्हणजे पन्नासेक गॅलन. ते दोनशे किलो वजन आहे. टाकी ट्रकच्या हौद्यात पुढे किंवा ट्रेलरच्या चाकांच्या आसावर ठेवा, मागच्या टोकाला नको, ट्रेलर डुलायला लागतो. अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा त्रासदायक असते, वळणावर पाणी एका बाजूला धावतं.

पाणी असून घोडा पीत नाही, हाही या प्रदेशातला मोठा त्रास. विहिरीचं पाणी खारट किंवा गंधकाच्या वासाचं असतं. निघण्याआधी आठवडाभर घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळून पाजायला लागा, मग वाटेत कुठल्याही पाण्यात तोच रस टाकला की त्याला ओळखीची चव लागते. शेजारी साधं पाणीही ठेवा. इलेक्ट्रोलाइट घोडा व्यवस्थित पाणी पीत असेल तरच द्या, न पिणाऱ्याला दिले तर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. तळ्याच्या काठावर पांढरा क्षार साचलेला असेल, किंवा पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय असेल, तर तिथे घोडा नेऊच नका. ती साय विषारी शेवाळाची असू शकते. पवनचक्कीजवळचे हौद रँचरच्या गुरांसाठी असतात, त्यांच्या शेजारी तंबू ठोकला तर तहानलेली गुरं पाण्यावर यायला घाबरतात.

चाऱ्याचा नियम कडक आहे. राष्ट्रीय वन, ग्रासलँड आणि राष्ट्रीय उद्यानांत तणबीमुक्त म्हणून प्रमाणित केलेला चाराच लागतो. गासडीवर प्रमाणपत्राची खूण किंवा जांभळ्या-पिवळ्या पिळाची सुतळी असते. गोळ्यांचा कारखान्यातला चाराही चालतो. हा चारा निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून घरीच सुरू करा. आतड्यातलं जुनं तणाचं बी बाहेर पडतं आणि पोटालाही बदल झेपतो. एका घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो धरा, म्हणजे दोघांना दहा दिवसांना दोनशे किलोपर्यंत. पंचवीस किलोच्या आठ गासड्या. वाटेत प्रमाणित चारा मिळेल या आशेवर जाऊ नका, सगळा बरोबर न्या.

वाटेत अल्फाल्फा (लसूणघास) विकत घेण्याची वेळ आलीच तर पहिल्या कापणीचा आहे का विचारा. उन्हाळ्यातल्या नंतरच्या कापण्यांत ब्लिस्टर बीटल नावाचे भुंगे गासडीत चिरडले जातात. त्यांच्यातलं कँथारिडिन भुंगा मेला, चारा वाळला तरी टिकतं आणि घोड्याची आतडी आणि मूत्राशय जाळतं. शंका असेल तर साधं गवत घ्या.

कागदपत्रांत दोन मुदती लक्षात ठेवा. कॉगिन्स, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य पांडुरोगाची रक्ततपासणी, बहुतेक राज्यांत बारा महिने चालते. तिचा निकाल यायला दिवस लागतात, म्हणून तीन आठवडे आधी रक्त द्या. आरोग्य प्रमाणपत्र मात्र साधारण तीसच दिवस चालतं, ते निघण्याच्या आठवड्यात घ्या. कोलोरॅडोत राज्याबाहेर जाताना, किंवा राज्यातल्या राज्यात ७५ मैलांपेक्षा लांब नेताना ब्रँड तपासणी लागते. घोड्यावर डाग असो वा नसो, हे मालकीचं कागद आहे. प्रत्येक प्रवासाला नवीन तपासणी करण्यापेक्षा कायमचं प्रवास कार्ड काढा, घोडा तुमच्याकडे असेपर्यंत ते चालतं. वायोमिंगमधून जाताना आणि साउथ डकोटातून परतताना तेच दाखवता येतं. व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस या कीटकांनी पसरणाऱ्या रोगाची साथ असेल त्या उन्हाळ्यात नियम आठवड्यात बदलतात, २०१९ आणि २०२० मध्ये या पट्ट्यात तसं झालं. निघण्याच्या दोन दिवस आधी ज्या ज्या राज्यातून जाणार तिथल्या राज्य पशुवैद्य कार्यालयाला फोन करा.

जूनमध्ये दिवसाची आखणी वादळाभोवती करावी लागते. सकाळी सहाला खोगीर चढवा, अकरापर्यंत परत या. दुपारनंतर ढग उभे राहतात, शायेनच्या आसपासचा पट्टा तर गारांसाठीच ओळखला जातो. वादळ दिसताच घोडा बांधलेला असेल तर सोडवा. कोरलमध्ये मोकळा असलेला घोडा वाऱ्याकडे पाठ करून मान खाली घालतो आणि निभावून नेतो, बांधलेला घोडा मात्र गारा लागताच मागे झेप घेतो. शांतपणे चढणारा घोडा असेल तर गारा सुरू होण्याआधी ट्रेलरमध्ये घ्या, सुरू झाल्यावर नको. विजा चमकत असताना लोखंडी कुंपणाला टेकून उभं राहू नका.

प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातला बिळं करून राहणारा प्राणी, त्याच्या बिळांच्या वस्तीतून फक्त पावलापावलाने जा. आणि त्याच वस्त्यांत खडखड्या साप असतात. घोडा कुतूहलाने नाक खाली नेतो, त्यामुळे दंश बहुधा थोबाडावर होतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. सूज येऊन नाकपुड्या बंद झाल्या की तो गुदमरतो, विषापेक्षा हे आधी होतं. म्हणून खोगिराच्या पिशवीत नाकपुडीत सहज जाईल अशा जाडीच्या नळीचे सहा इंचांचे दोन तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले, वंगण आणि चिकटपट्टी ठेवा. सूज वाढायला लागताच म्होरकी सैल करा, वंगण लावलेला तुकडा नाकपुडीत अलगद सरकवा, थोडा बाहेर ठेवा आणि म्होरकीला चिकटपट्टीने पक्का करा. सूज पूर्ण आल्यावर नळी आत जात नाही. चिरा देणं, विष ओढणं, बर्फ लावणं यातलं काही करू नका. घोड्याला चालवत लांब नेऊ नका, ट्रेलर त्याच्याकडे आणा.

शेवटचा भाग टेक्सासचा. तो जूनमध्ये करू नका, दऱ्यांत पारा चाळीसकडे जातो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे जा. पालो ड्युरो कॅनियन या राज्य उद्यानात घोडेस्वारांसाठी १५०० एकर वेगळे राखलेले आहेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र साइट आहेत, मात्र दरीत उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आहे, ट्रेलरचे ब्रेक आदल्या दिवशी तपासून घ्या. किटिक्वे (Quitaque) गावाजवळच्या कॅप्रॉक कॅनियन्समध्ये 'वाइल्ड हॉर्स' नावाचा घोड्यांचा कॅम्प आहे, कोरलसह, आणि राज्याचा बायसन कळप तिथे मोकळा हिंडतो. लेक मेरेडिथला प्लम क्रीकला कोरल आहेत. टेक्सासच्या राज्य उद्यानांत दारातच कॉगिन्सचा कागद मागतात, तो हाताशी ठेवा.

डेन्व्हरहून खाली उतरताना ला हुंटाजवळ कोमांची ग्रासलँडमध्ये विदर्स कॅनियनच्या ट्रेलहेडवर एक मुक्काम बसतो. तिथून खाली पिकेटवायर दरीत, पर्गटोअर नदीच्या पात्रात, डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, एका बाजूने पाच मैलांहून थोडं जास्त. घोड्यावरून जाता येतं, पण दरीत राहता येत नाही आणि वर पाणी नाही. तुमची दोनशे लिटरची टाकी ला हुंटालाच भरून घ्या.